चांगदेवांच्या हातातली बारीक सिगार

मी एक सिगार बोलतेय. करंगळीहून बारीक, पण किमती. दूर परदेशात एका म्हातारीने पानं निवडून मला हाताने वळलं. आम्हा पाच बहिणींची पेटी पायलने डोंबिवलीला आणली, तिच्या पप्पांसाठी.

चांगदेव एकतीस वर्षं मानपाड्याला एका रंगाच्या कारखान्यात होते. तिथले साहेब केबिनमध्ये अशीच सिगार ओढायचे. चांगदेव दारात उभं राहून सॅम्पल दाखवायचे. पायलला ते माहीत होतं.

पहिल्या रविवारी बाल्कनीत त्यांनी माझी थोरली बहीण पेटवली.

"धूर आत नाही घ्यायचा, पप्पा. तोंडात घोळवायचा, सोडून द्यायचा. घाई नाही."

चांगदेव डोळे मिटून अर्धा तास बसले.

"वास कसा आहे?"

"एक नंबर."

पेटीत मी सुखावले. आमचं सगळं मोल वासातच असतं. पुढचे तीन रविवार असेच गेले.

आज माझी पाळी. चांगदेव मला घेऊन स्वयंपाकघरात काडेपेटी शोधायला आले. पायलची आई, शालनताई, खाली भाजी आणायला जाताना म्हणाल्या, "दुधाकडे बघा जरा." ते गॅसकडे पाठ करून टेबलाशी बसले, मला बोटांत फिरवत. दूध आटलं, करपलं, पातेलं काळं पडलं. आतल्या खोलीतून पायल धावत आली.

"पप्पा, इथेच बसलाय ना? वास नाही आला?"

चांगदेवांनी मान खाली घातली. "सात-आठ वर्षं झाली. कसलाच येत नाही."

"डॉक्टरला दाखवलं होतं?"

"कंपनीचाच डॉक्टर होता. त्याने फिट लिहिलं. मी सही केली. तुझं कॉलेज चालू होतं."

"मग ह्या सिगारी?"

"अर्धा तास कुणी उठवत नाही गं. तोंडात ऊब येते. साहेब काय एवढं टेकून बसायचे, ते कळलं."

मग बाल्कनीत येऊन त्यांनी मला पेटवलं. पायल शेजारी बसली.

"तू सांग, कसा येतोय?"

"ओल्या लाकडाचा. थोडा कॉफीचा."

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू तान्ही होतीस, तेव्हा तुझ्या टाळूला एक वास यायचा. तो आठवायला बघतो. येत नाही."



मी आता बोटभर उरलेय. मजल्यावरच्या चारही घरांच्या बाल्कन्यांत माझा वास पोचलाय, फक्त माझ्या धन्यापर्यंत नाही. मला चिरडू नका. ते बसलेत तोवर जळू द्या.