अर्धे डोके

"तेल लावू ना, ताई?" धाकटी जाऊ वाटी घेऊन पाठीशी उभी होती.

"डावीकडंच लाव. उजवीकडं बोटसुद्धा लावायचं नाही," थोरली म्हणाली.

"अर्धंच डोकं? ही काय नवी तऱ्हा?"

"आहे एक. तू लाव."

थोरलीचे अवघे आयुष्य कापडगिरणीत रंग पारखण्यात गेले होते. शंका आलेल्या कापडाचे दोन भाग करायचे. एक धुवायचा, दुसरा तसाच राखायचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून निर्णय द्यायचा. कानामागे शर्टाच्या बटणाएवढा गुळगुळीत, केशहीन ठिपका बोटाला लागला, तेव्हापासून तिने हाच न्याय स्वतःच्या मस्तकाला लावला होता. धाकटी हे तेल घरी कढवू लागली आणि मगच केस गेले. पूर्वी कधीतरी थोरलीची दाट वेणी हातात तोलून धाकटी म्हणाली होती, "अर्धी मला द्या की!" तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या. आता ते वाक्य थोरलीच्या मनात सलत होते.

पुढचा ठिपका उमटला तो उजवीकडे, जिथे तेलाचा थेंबही पडला नव्हता. गिरणीत एवढ्यावर तिने तेल निर्दोष असा निकाल देऊन टाकला असता. येथे मात्र संशय सुटेना; तिने उशीचा अभ्रा बदलला, धाकटीचा हात लागू नये म्हणून कंगवा कपाटात बंद केला आणि किल्ली कमरेला खोचली. कुलपाचा आवाज धाकटीने ऐकला. त्यानंतर तेलाची वाटी दिसली नाही.

भुवईचा कोपरा झडला, तेव्हा धाकटीच तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"कोपराच्या आत हे कधीपासून?" बाईंनी विचारले.

"ते वेगळं हो. इसब आहे, लहानपणापासूनचं. हिच्या तेलानं काय झालं ते बघा."

धाकटी खिडकीबाहेर पाहू लागली.

"तेलाचा काही संबंध नाही. ही चाई आहे, हिच्यात केस असे ठिपक्याठिपक्यानं जातात. इसब असलेल्यांत ती जास्त दिसते. बायकांमध्ये तर कातडीची नि केसांची अशी दुखणी कधीकधी जोडीनंच येतात. एकामुळं दुसरं होतंच असं नाही, पण नातं असतं. अंगातला पहारेकरी बिथरतो, घरच्यांनाच चोर समजून झोडपतो. तुमच्या केसांच्या मुळांचं तसंच झालंय."

"म्हणजे... कुणी काही केलं नाही?"

"कुणीच नाही."

घरी येताच थोरलीने कपाट उघडले, कंगवा काढून जमिनीवर ठेवला, पाठ करून बसली आणि वेणी सोडली. उरलेले केस आता वेणी म्हणण्याजोगेही नव्हते.

"ये गं. सगळ्या डोक्याला लाव."

धाकटीने साबण लावून सावकाश हात धुतले. मग पाठीशी न बसता ती समोर आली आणि दोन्ही ओले तळवे थोरलीच्या डोळ्यांपुढे उलगडून धरले.

"आधी पारखून घ्या, ताई."

कच्च्या रंगाचा एक धागाही जिच्या नजरेतून सुटत नसे, तिची पापणी वर उचलली गेली नाही.