पाच-चार, चाळीस-तीस

आमच्या क्लबची लाल मातीवरची महिला टेनिस स्पर्धा एकतीस वर्षं चालली आणि वाऱ्यामुळे बंद पडली. वाऱ्यानं तसं थोडंच केलं. उरलेलं काम कार्यकारिणीनं पार पाडलं.

तिचा इतिहास लिहायची कामगिरी माझ्यावर आली, कारण मी क्लबचा माजी सहचिटणीस, आणि घरी बसलेला माणूस वाया जातो अशी आमच्या अध्यक्षांची समजूत आहे. अध्यक्षांचा प्लायवुडचा धंदा. "सोमवारी सकाळी कोर्ट उखडायला मशीन येतंय," ते म्हणाले. "लाल माती जाणार, निळं सिंथेटिक येणार. उद्घाटनाला एक छोटीशी पुस्तिका हवी. स्पर्धा कशी सुरू झाली, कशी संपली. डोळ्यांत पाणी येईल असं एखादं वाक्य टाका, पण एकच. पाहुण्यांना नंतर जेवायचं असतं."

सुरुवात लिहिणं सोपं होतं. एका वीटभट्टीवाल्याकडे फुटक्या विटांचा डोंगर साचला होता. विटांचा चुरा करून टेनिसचं कोर्ट बनवतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं. टेनिस त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण चुरा भरपूर पाहिला होता. कोर्ट तयार झालं, तेव्हा त्यावर काहीतरी भरवणं भाग होतं, म्हणून स्पर्धा. दर वर्षी अंतिम सामन्याला तो पहिल्या रांगेत बसे, चेंडूकडे ढुंकूनही न बघता जमिनीकडे बघे आणि शेवटी दोन्ही खेळाडूंना म्हणे, "माती छान उडवलीत."

अडचण शेवटाची होती. कारण तो शेवट माझ्या घरात राहतो, सकाळी मला चहा देतो आणि स्वतःचा चहा उभ्यानंच पितो.

सत्तावीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात माझी बायको होती. तेव्हा ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. समोर होती बाजारपेठेतल्या शिवणकामाच्या दुकानाची मालकीण. तिला सगळे टेलरबाई म्हणत. पहिला सेट बायकोनं घेतला, दुसरा टेलरबाईनं. तिसरा रंगात आला आणि वारा सुटला. पंप बिघडलेला, त्यामुळे दोन दिवस कोर्टावर पाणी मारलं नव्हतं. आधी रेषा दिसेनाशा झाल्या, मग जाळं, मग उंच खुर्चीवरचे पंच. ते आहेत एवढं फक्त त्यांच्या खोकल्यावरून कळत होतं. सामना थांबला.

कार्यकारिणीनं ठराव केला : वारा पडल्यावर सामना पुढे सुरू करावा, वारा पडला किंवा कसे, याचा निर्णय कार्यकारिणी घेईल. वारा त्याच संध्याकाळी पडला. पण निर्णयाला सात सभासद लागत, आणि सात सभासद एका वेळी एका जागी आले ते थेट सहा वर्षांनी, वीटभट्टीवाल्याच्या शोकसभेला. तिथं वाऱ्याचा विषय काढणं बरं दिसलं नसतं. मधल्या काळात पुढची स्पर्धाही भरेना. नियमाप्रमाणे गतविजेतीचं नाव सर्वांत वर घालून मगच बाकीच्यांच्या जोड्या लावायच्या असत, आणि गतविजेतीच ठरलेली नव्हती. मी सहचिटणीस होतो. मी दर वर्षी तशी नोंद करून खाली सही करायचो.

तेव्हापासून माझी बायको जगाला एकच गोष्ट सांगत आली आहे : पाच-चार, चाळीस-तीस, सर्व्हिस माझी, मॅच पॉइंट होता. मुलीच्या लग्नात विहीणबाईंशी ओळख होताना हे तिनं तिसऱ्या वाक्यात सांगितलं. मॅच पॉइंट म्हणजे तो एक गुण मिळाला की सामना खिशात, पण विहीणबाईंना टेनिसमधलं काही कळत नाही. त्यांना वाटलं, हा काहीतरी आजार आहे. फार चुकलं नव्हतं त्यांचं. बायको कुठे पाच मिनिटं टेकत नाही. जेवता जेवता दोनदा उठून गॅस बंद आहे का बघते. सिनेमाची शेवटची दहा मिनिटं दाराशी उभी राहून बघते. बोलताना तिचा उजवा हात नसलेला चेंडू आपटत असतो. मी एकदा म्हटलं होतं, "अगं, बस की जरा."

"कशी बसू?" ती म्हणाली. "माझी सर्व्हिस आहे."

तर गुरुवारी क्लबच्या कपाटात मला त्या सामन्याचा गुणांचा कागद सापडला. त्या दिवशीचे पंच म्हणजे दवाखान्यातले कंपाउंडर. त्यांनी गुण दवाखान्याच्या चिठ्ठीवरच मांडले होते, बारीक, शिस्तीत, गोळ्या मोजून पुड्या बांधणाऱ्या माणसाच्या हातानं. सगळ्यात खाली लिहिलं होतं : तिसरा सेट, चार-चार. पंधरा-पंधरा. सर्व्हिस टेलरबाई. धूळ. काही दिसत नाही. आणि सही.

मी कागद उलटा करून पाहिला, सुलटा केला, खिडकीशी नेला. मॅच पॉइंट कुठेच नव्हता.

घडी करून तो मी शर्टाच्या खिशात ठेवला आणि घरी आलो. शुक्रवारी शर्ट बदलला तेव्हा कागदानंही शर्ट बदलला. इतिहास लिहिणाऱ्याला खरं लिहावं लागतं. पण इतिहास लिहिणाऱ्याला संध्याकाळी घरीही जावं लागतं, याची सोय कोणी केलेली नाही.

"काय हो, सारखा खिशावर हात?" बायकोनं विचारलं. "छातीत दुखतंय का?"

"नाही गं."

"डॉक्टरांकडे जाऊ या?"

"काही नाही म्हटलं ना."

"मग हात काढा तिथला."

मी हात काढला. आता तो कुठे ठेवावा ते कळेना.

शनिवारी तिला कोर्ट उखडणार असल्याचं कळलं. अध्यक्षांच्या बायकोकडून कळलं. मी ते सांगायचंही टाळलं होतं. "सोमवारी? मग तो पॉइंट आधी संपवला पाहिजे," असं म्हणून तिनं तडक टेलरबाईला फोन लावला. सत्तावीस वर्षांत दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मला पळता येईना.

"ओळखलंस का?"

"ऑपरेटर! आहेस अजून?"

"तुझ्यासाठीच थांबलेय. सोमवारी कोर्ट जातंय. सकाळी सातला ये. एकच पॉइंट राहिलाय, दहा मिनिटांत मोकळी होशील."

"एकच ना? येते की. सर्व्हिस करते आणि तशीच दुकानावर जाते."

"सर्व्हिस? सर्व्हिस तू कशाला करशील?"

"मॅच पॉइंट माझा, मग सर्व्हिस काय तुझ्या नवऱ्यानं करायची?"

बायकोचा चेंडू आपटणारा हात थांबला. "तुझा? पाच-चार माझे होते!"

"माझे होते! चाळीस-तीस! सत्तावीस वर्षं गिऱ्हाइकांना मापं घेताना सांगतेय मी!"

"म्हणूनच मापं चुकतात तुझी!"

"भाऊजींना विचार. ते इतिहास लिहितायत असं ऐकलं मी. त्यांच्याकडे कागद असतील."

बायको माझ्याकडे वळली. "अहो, असतील ना कागद?"

"बघतो," मी म्हणालो.

रविवारी दिवसभर मी बघत होतो. म्हणजे कपाटाकडे, छताकडे, बायको नसेल त्या दिशेला. कागद दाखवला तर तिचा मॅच पॉइंट जाणार. नाही दाखवला तर सोमवारी दोन बायका एकाच पॉइंटसाठी दोन्ही बाजूंनी सर्व्हिस करणार. ती रॅकेट पुसत होती. रॅकेट पुसून झाल्यावर तिनं कपाट पुसलं, मग पंखा. स्टुलावर उभी असतानाच ती म्हणाली, "लोकांना मी होता होता म्हणून सांगते. पण पुढचा चेंडू कुठे पडला असता, ते नाही ना माहीत. एवढं एकदा कळलं पाहिजे हो. मग जिंकले काय, हरले काय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "स्टूल हलतंय, उतर खाली."

सोमवारी सातला आम्ही पोचलो तर मशीन आधीच येऊन कोर्टाच्या कोपऱ्यात उभं होतं. ड्रायव्हर त्याच्या पायरीवर बसून दात कोरत होता. कोर्टावर जागोजागी गवत उगवलं होतं. ते मी उपटलं, पाण्याच्या चार बादल्या मारल्या, चुन्यानं रेषा ओढल्या. त्या अगदी सरळ आल्या नाहीत, पण दोघींना सारख्याच वाकड्या होत्या. टेलरबाई आली. खांद्याला पट्टा, डोळ्यांना जाड चष्मा, आणि तो पडू नये म्हणून स्वतः शिवलेलं इलॅस्टिक.

"गुडघा कसा आहे गं?" तिनं विचारलं.

"तुझ्या खांद्यापेक्षा बरा."

"भाऊजी, सांगा. कुणाचा होता?"

मी खिशातून कागद काढला आणि वाचला. चार-चार, पंधरा-पंधरा, सर्व्हिस टेलरबाई. धूळ.

सत्तावीस वर्षांत दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं.

"कंपाउंडरला काय कळतंय टेनिसमधलं?" टेलरबाई म्हणाली.

"खुर्चीवर झोपायचा तो!"

"माझ्या सासूला खोकल्याचं म्हणून पोटाचं औषध दिलं होतं यानं!"

"आणि सही बघ, सही! मुंगी मेल्यासारखी!"

मग बायकोनं कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. पुन्हा वाचला. "कधी सापडला?"

"गुरुवारी."

"आज सोमवार आहे."

"हो."

ती बाकावर जाऊन बसली. रॅकेट मांडीवर, दोन्ही हात रॅकेटवर. पाच मिनिटं झाली तरी उठेना. इतक्या वर्षांत तिला एवढा वेळ बसलेलं मी पाहिलं नव्हतं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"म्हणजे नव्हताच," ती मातीकडे बघत म्हणाली. "मी मुलीच्या सासूला सांगितलं हो."

"मी तर आख्ख्या बाजारपेठेला सांगितलंय," टेलरबाई म्हणाली. "ऊठ आता. पंधरा-पंधरा म्हणजे सगळं व्हायचंय अजून. आणि मला दहाला दुकान उघडायचंय."

"काका, सुरू करू का मी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"दहा मिनिटं थांबा."

"तुमची दहा की माझी?" पण त्यानं पंचाला खुर्ची नाही हे पाहिलं आणि मला स्वतःच्या सीटवर बसवलं. तिथून सगळं कोर्ट दिसत होतं. "फक्त तो दांडा ओढू नका," तो म्हणाला.

खेळ सुरू झाला तो बघवत नव्हता. बायको गुडघा वाचवायला चेंडूपर्यंत पोचायच्या आधीच मारायची. टेलरबाई खांदा वाचवायला चेंडू अंगावर येईपर्यंत थांबायची. पण थोड्या वेळानं पाय मातीवर घसरायला लागले, मुद्दाम, पूर्वीसारखे, आणि लाल पट्टे उमटत गेले. टेलरबाईची सर्व्हिस बायकोनं तोडली. पाच-चार. आता सर्व्हिस तिची. पंधरा-शून्य. पंधरा-पंधरा. तीस-पंधरा. तीस-तीस. मग टेलरबाईचा एक चेंडू जाळ्यात गेला.

"चाळीस-तीस," मी म्हणालो.

बायकोनं वर पाहिलं. "परत सांगा. पूर्ण सांगा."

"पाच-चार. चाळीस-तीस. मॅच पॉइंट."

"कुणाचा?"

"तुझा."

ती चेंडू आपटू लागली. एकदा, दोनदा, सहादा. ड्रायव्हर दात कोरायचा थांबला. तिनं सर्व्हिस केली, टेलरबाईनं परतवली, आणि मग बायकोनं उजवीकडून असा सणसणीत मारला की टेलरबाई हललीसुद्धा नाही. चेंडू मागच्या रेषेपाशी पडला आणि कुंपणावर आदळला.

टेलरबाई मागे गेली, चष्मा वर केला, खाली केला, कसाबसा गुडघा टेकला आणि मातीतल्या खुणेकडे बघत राहिली.

"बाहेर," ती म्हणाली.

बायको जाळ्याला वळसा घालून पलीकडे गेली. दोघी त्या खुणेवर वाकल्या, डोक्याला डोकं लागेल अशा. मला मशीनवरून काही दिसत नव्हतं. दांडा सोडून जे हाताला लागलं ते मी घट्ट धरून बसलो.

"बाहेरच आहे," बायको म्हणाली. "बोटभर."

"दीड बोट. मापं मी घेते, मला कळतं."

बायकोनं चपटी झालेली ती खूण बुटानं पुसली आणि परत आपल्या बाजूला आली. ड्यूस झाला, म्हणजे पुन्हा बरोबरी. तो गेम गेला, त्याच्या पुढचा गेला, त्याच्याही पुढचा गेला. सात-पाच. टेलरबाईनं मला दोनदा विचारलं, "झालं? मी जिंकले?" आणि मग जाळ्याशी उभी राहून काळजीत पडली. "आता गिऱ्हाइकांना काय सांगू गं? 'जिंकले' एवढंच सांगितलं तर कोण ऐकून घेणार?"

मी सीटवरून उतरलो. ड्रायव्हर चढला. आम्ही फाटकातून बाहेर पडेपर्यंत मागची रेषा गेलीही होती.

बसस्टॉपवर बायको माझ्या शेजारी बसली. बूट काढून तिनं त्यातली माती झटकली.

"पण मॅच पॉइंट होता माझा," ती म्हणाली.

"होता. मीच पुकारला."

"मग लिहा तसं."

"लिहितो."

एक बस आली आणि गेली. आमची नव्हती.

"आणि चेंडू बाहेर गेला, तेही लिहा."

"बोटभर," मी म्हणालो.

"दीड," ती म्हणाली.