पूल आला की चाकं

दयारामची बायको त्याला सोडून गेली नव्हती, पनवेलला थोरल्या मुलाकडे नातवाला सांभाळायला गेली होती. पण संध्याकाळी एकट्यानेच ताट वाढून घ्यायचं म्हटल्यावर दोन्हींत फारसा फरक राहत नाही. धाकटी मृणाली हैदराबादला. म्हणजे आगरदांड्याच्या त्या घरात उरले तिघं: दयाराम, एक मांजर आणि मृणालीचा कॉम्प्युटर. मांजर जेवणापुरतं यायचं, त्यामुळे खरी सोबत कॉम्प्युटरचीच.

त्या कॉम्प्युटरवर विमान चालवायचा गेम होता. मृणाली शाळेत असताना तिच्या मामाने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि तेव्हापासून ही पोर दिवेलागणीला विमानं उडवायला बसायची. घरच्यांना वाटलं, खूळ आहे, जाईल. ते काही गेलं नाही. दयाराम फेरीबोटीवरून सुटून यायचा, पाय धुवायचा आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसायचा. गेममधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण शेजारी राहून लक्ष ठेवणं हा तर त्याचा धंदाच होता.

फेरीबोटीवर त्याची जागा अगदी पुढे, रॅम्पपाशी. वर केबिनमध्ये बसून बोट चालवणाऱ्या सारंगाला बोटीचं नाक दिसत नसे. खाडीपलीकडच्या दिघीचा धक्का किती जवळ आला, हे पुढच्या माणसाने ओरडून सांगायचं. तो "हळू" म्हणाला की सारंगाने वेग कमी करायचा, "बस" म्हणाला की थांबवायचं. दयाराम सुट्टीवर गेला की सारंग हमखास बोट धक्क्याला आपटायचा आणि परत आल्यावर सगळे म्हणायचे, "दयाराम, तू नसलास की आमचं काय खरं न्हाय." हे ऐकायला दयारामला फार आवडायचं. खोटं कशाला बोला, वर्षातली एखादी सुट्टी तो तेवढ्यासाठीच घ्यायचा.

मृणाली सुरुवातीला विमान उतरवताना चाकं खाली घ्यायचीच विसरायची. विमान पोटावर घासत जायचं, पडदा लाल व्हायचा आणि ती टेबलावर डोकं टेकून बसायची. तिच्या त्या गेममधला विमानतळ एका खाडीच्या तोंडाशी होता, त्याच्या अलीकडे एक लांब पूल होता. एकदा ती म्हणाली, "आबा, पूल दिसला की मला आठवण कर." झालं! दयारामला काम मिळालं. पडद्यावर पूल आला की तो म्हणायचा, "चाकं." मृणाली बटण दाबायची आणि चाकं खाली यायची. पुढे पुढे तो आवाज ऐकूनच स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, "उतरलं वाटतं विमान, आता जेवायला या." एवढ्या वर्षांत दयाराम एकदाही विसरला नाही. चांगली उतरलेली विमानं मृणालीने त्या कॉम्प्युटरमध्येच साठवून ठेवली होती. जाताना तिने बापाला ती लावायची कशी, एवढंच शिकवलं. विमान आपलं आपण यायचं, आपलं आपण उतरायचं, त्यात दयारामचा आवाज मात्र नसायचा.

मृणाली खरोखरची वैमानिक व्हायला गेली. आधी लहान विमानावर शिकली, त्याची चाकं कायम खालीच असतात, वर घ्यायची सोयच नाही. मग एका कंपनीने तिला निवडलं आणि मोठ्या विमानाचं शिक्षण घ्यायला हैदराबादला पाठवलं. तिथे आधी सिम्युलेटर, मग खरं विमान.

"आबा, हा गेम नाही," ती पहिल्या आठवड्यात फोनवर म्हणाली. "विमानाची अख्खी केबिन आहे, ती हलते. ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो."

"मग आपल्या गेमात काय कमी व्हतं?"

"गेममध्ये पोटात गोळा येत नाही."

"कशाला यायला पायजे?"

ती हसली. "ऐक तर. कुठलं बटण कुठे आहे ते मला पहिल्या दिवशीच माहीत होतं, बाकीचे शोधत बसले होते. सर म्हणाले, गेम खेळलेली पोरं लगेच ओळखू येतात. नाव-गाव सगळं पाठ असतं, पण नुसते मीटरचे काटे बघतात, काचेबाहेर बघत नाहीत. आणि म्हणाले, गेममधून शिकलेलं कामाला येतं, चिकटलेलं मात्र खरवडून काढावं लागतं."

दयारामने यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं आणि जेटीवरच्या चहावाल्यापासून मासेवाल्या किशोरीपर्यंत सगळ्यांना सांगितलं, की आमच्या बायला सगळी बटणं पहिल्याच दिवशी माहीत होती, घरीच शिकली ती. कोणी विचारलं नाही तरी सांगितलं. घरी कोणाला सांगणार?

मग एका दुपारी तिचा फोन आला. नेहमी ती संध्याकाळी करायची.

"काय झालं, बाय?"

"चाकं राहिली, आबा."

दयारामला आधी कळेचना. तिने सावकाश सांगितलं. मोठ्या विमानात जो चालवतो त्याने "चाकं खाली" म्हणून मागायचं असतं, मग शेजारचा वैमानिक दांडा खाली ओढतो. काल शेजारच्याला सरांनी मुद्दाम गप्प बसायला सांगितलं होतं. धावपट्टी समोर आली तरी मृणालीने चाकं मागितली नाहीत. भोंगा वाजला, विमान परत वर न्यावं लागलं. दुसऱ्या खेपेलाही तेच.

"मग सायेब काय म्हनाले?"

"त्यांनी सिम्युलेटर थांबवला आणि विचारलं, कोणाची वाट बघत होतीस?"

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही. मला सांगता आलं नाही."

पुढच्या आठवड्यात शेवटची परीक्षा होती. त्यात चाकं राहिली तर कंपनी तिला घरी पाठवणार होती. "इथे चूक झाली तरी कोणी मरत नाही, म्हणून इथेच पकडतात," मृणाली म्हणाली.

ती कोणाची वाट बघत होती, हे दयारामला सरांचा प्रश्न ऐकल्याबरोबर कळलं. त्याला सारंग आठवला. दयाराम निवृत्त झाल्यावर त्या बिचाऱ्याने बोट इतक्यांदा आपटली, की शेवटी त्याला बोटीवरून काढून तिकीटखिडकीत बसवलं. ती बातमी दयारामने मोठ्या चवीने ऐकली होती. आता त्याला त्या चवीची शिसारी आली. आपण दुसऱ्याचे डोळे झालो म्हणून मिरवत होतो आणि तेवढ्या वेळात त्याचे डोळे मिटत चालले होते. सारंगाचं एक वेळ ठीक, पण हे आपल्याच पोरीचं.

"आबा," मृणाली म्हणत होती, "परीक्षेपर्यंत सिम्युलेटर मोकळा मिळणार नाही. मी खोलीवर लॅपटॉपवर गेम लावते. रोज संध्याकाळी फोनवर बसशील? आपण बसायचो तसं?"

बसशील का, हे त्याला विचारायचं! त्याचा जीव हरखला आणि त्याच क्षणी त्याला काय करावं लागणार तेही कळलं. तिला सरळ सांगून टाकावं, की मी आता बोलणार नाही, तुझं तू बघ? पण तसं सांगितलं असतं तर तेही चाकांची आठवण करून देणंच झालं असतं. "बसतो की," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने दाढी केली. धुतलेला सदरा घातला. खिडकीपाशी रेंज बरी येते म्हणून स्टूल तिकडे नेलं. मृणालीने तिकडे व्हिडिओ कॉल लावून फोन असा उभा केला होता, की तिचा लॅपटॉप आणि तिचा एक खांदा दिसावा. तिला पुन्हा शेजारी बघून दयारामला भरून आलं. किती दिवसांनी कोणीतरी संध्याकाळी घरात होतं.

पूल आला. दयारामने खांद्यावरचा पंचा तोंडात धरला. पूल काचेखालून सरकून गेला. विमान पोटावर घासत गेलं, पडदा लाल झाला.

"आबा! बोलला का नाहीस?"

"रेंज गेली व्हती."

दुसऱ्या दिवशीही रेंज गेली. तिसऱ्या दिवशी मृणाली वळली आणि तिने थेट फोनमध्ये बघितलं. डोळ्याखाली काळं आलेलं होतं. "तुझी रेंज बरोबर पुलावरच कशी जाते रे?"

दयारामने तोंडातला पंचा काढून खांद्यावर टाकला.

"मुद्दाम करतोयस तू. परीक्षा तोंडावर आलीय आणि तू गंमत बघत बसलायस. तिथे सगळे माझ्या चुका मोजायला टपलेत. एक तू होतास, आता तूही?" तिने फोन कापला.

दयाराम कितीतरी वेळ बंद फोन हातात धरून बसला. परत लावावा, सांगून टाकावं, एकदाच "चाकं" म्हणावं, म्हणजे पोरगी हसेल, जेवेल, झोपेल, असं त्याला फार वाटलं. त्याने फोन बाजूला ठेवला आणि मांजराला भात घातला. स्वतः जेवला नाही.

चौथ्या दिवशी ठरल्या वेळी फोन आला नाही. दयाराम आंघोळ करून, सदरा घालून बसलाच होता. दिघीहून येणारी बोट धक्क्याला लागल्याचा आवाज झाला, गाड्या उतरल्या, मुरूडच्या रस्त्याने निघून गेल्या. घरात अंधार झाला तरी त्याने दिवा लावला नाही. मग फोन वाजला. मृणाली काही बोलली नाही, तिने गेम लावला. दयारामही काही बोलला नाही. पूल अजून लांब होता, नुसती एक रेघ दिसत होती, तेवढ्यात ती म्हणाली, "चाकं खाली."

दयाराम दचकला. ओरडली नव्हती ती, पण तो आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. कोणाकडून काही न मागणारा, हुकूम सोडणारा आवाज होता. चाकं खाली आली, विमान अलगद टेकलं. मग तिने दुसरा विमानतळ लावला, तिथे पूलबिल काही नव्हता. "चाकं खाली." मग तिसरा. मध्येच तिने वळून न बघता विचारलं, "आबा, आहेस ना?"

"हाय."

"बोलू नकोस हं."

"न्हाय बोलत."

परीक्षेपर्यंत रोज ती तशी बसली आणि दयाराम रोज न बोलता बसला. परीक्षेच्या दिवशी फोन आला तेव्हा तिच्या मागे पोरापोरींचा गलका होता.

"आबा, झाले पास! सर म्हणाले, खरवडून काढलंस म्हणून. आम्ही सगळे बाहेर जेवायला चाललोय, नंतर बोलते. आणि आता संध्याकाळी बसायला नको हं तुला. सुटलास तू!"

"लय बरं झालं, बाय," दयाराम म्हणाला. मनापासून म्हणाला. फोन बंद झाल्यावर त्याने पनवेलला कळवलं. बायको आनंदाने रडली, मग म्हणाली, "जेवलात का?" तो जेवलो म्हणाला. तिकडे नातू रडायला लागला, तशी तिनेही फोन ठेवला.

सदरा अंगात होताच. दयारामने स्टूल खिडकीपासून उचलून कॉम्प्युटरपाशी, त्याच्या जुन्या जागी आणलं. शेजारची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती, ती त्याने थोडी बाहेर ओढून ठेवली. मग मृणालीने शाळेत असताना उतरवलेलं एक विमान लावलं. खाडी आली. मग खाडीवरचा पूल आला. आता बोलल्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं.

"चाकं," दयाराम मोठ्याने म्हणाला.

पडद्यावर चाकं खाली आली.