शेवटून दुसरी चौकट

काकांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि लगेच परत काढून घेतला.

“हे बघ, पुन्हा एकदा सांगतो.”

“पाचव्यांदा सांगताय,” बाई म्हणाल्या. तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेला. मोजणं अंगात मुरलं होतं. शाळेत पडलेलं ‘बाई’ हे नाव घरातही तसंच राहिलं होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर दोघं बसले होते. नर्स दर दहा मिनिटांनी येऊन काकांच्या उजव्या डोळ्यात थेंब टाकून जायची, आणि दर थेंबाला फोनवरची अक्षरं आणखी विरघळायची. मोतीबिंदूचं हे ऑपरेशन त्यांनी दोनदा पुढे ढकललं होतं. एकदा सर्दीचं निमित्त, एकदा पाहुण्यांचं. खरी अडचण सोमवारची होती. डॉक्टर ऑपरेशनं सोमवारीच करायचे, आणि कंपनीत नवी माणसं सोमवारीच यायची.

कंपनीतून काका सात महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. तिथे त्यांचं काम म्हणजे नव्या प्रोग्रामरची मांडामांड करून देणं: कुठले प्रोग्राम, कुठल्या परवानग्या, कुठला डेटा. सुताराला बाक आणि हत्यारं मांडून द्यावीत तसं. एका माणसामागे दोन दिवस जायचे. मग कंपनीने एक टूल घेतलं. कोड लिहायचा नाही. स्क्रीनवर चौकटी ओढायच्या, बाणांनी जोडायच्या, पुढचं आपोआप. काकांनीच एकोणीस चौकटी जोडल्या. दोन दिवसांचं काम अकरा मिनिटांवर आलं, साहेबांनी सभेत टाळ्या घेतल्या आणि काकांची खुर्ची फालतू झाली. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने स्वतःचा पत्ता कापला, असं लोक चहाच्या मशीनपाशी म्हणत. काकांना ते ऐकू येत असे.

शेवटून दुसरी चौकट मात्र त्यांनी कुणाला न विचारता घातली होती. तिथे सगळं थांबायचं आणि एका माणसाच्या फोनवर विचारणा जायची: डेटा नमुन्याचा, म्हणजे खोट्या नावांचा हवाय, की खऱ्या माणसांचा, आणि देऊ का? तो फोन काकांचा. निरोपाच्या दिवशी कंपनीने ओळखपत्र, चाव्या, अगदी माऊससुद्धा सही घेऊन परत घेतला. ही चौकट कुणाच्या गावीही नव्हती. सात महिने एक निवृत्त माणूस कंपनीची फुकट राखण करत होता, आणि बाईंना प्रश्न पडायचा की हा माणूस संडासात फोन घेऊन काय करतो.

कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी प्रोग्राम बनवायची. ऑपरेशनआधी काकांचं आणि सोबत बाईंचंही रक्त ज्या लॅबने घेतलं, तिथेही तोच प्रोग्राम होता. नऊ वर्षांपूर्वी एका नव्या मुलीला कामाच्या दुसऱ्याच दिवशी चुकून खऱ्या पेशंटांची यादी जोडली गेली. तिने चाचणी म्हणून एक मेसेज सोडला आणि चार हजार माणसांना कळलं, की त्यांना कर्करोग आहे. साहेब वकिलांबरोबर बसले. मुलीला घरी पाठवलं. माफीचे फोन करायला काकांना बसवलं. यादीतली एकजण पलीकडून म्हणाली होती, माफी राहू द्या हो, फक्त ‘नाही’ एवढं पुन्हा एकदा म्हणा. काकांनी चारदा म्हटलं होतं.

हे त्यांनी बायकोला आज, दोन थेंबांच्या मधे, पहिल्यांदाच सांगितलं.

“मग ऑफिसला कळवा की,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाच्या फोनवर लावतील.”

“चौकटच काढून टाकतील.”

बाईंनी फोन घेतला. पर्समध्ये न टाकता मांडीवर ठेवला.

“नमुना असेल तर हो, खरा असेल तर नाही. पहिलीतल्या पोरालाही जमेल. जा आता.”

तासाभराने काका डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेर आले. बाई ताठ बसल्या होत्या.

“दोन आल्या. एक नमुना, हो म्हटलं.”

“आणि दुसरी?”

“खरा. नाही म्हटलं.”

काका भिंत चाचपत बाकावर टेकले. त्यानंतर म्हणे एकाचा फोन आला होता. आवाज मधाळ. चुकून नाही दाबलं गेलंय, तेवढं हो करून टाका, पाहुणे समोर बसलेत, त्यांना काम दाखवायचंय. नुसतं दाखवायचं तर नमुना का चालत नाही, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, खऱ्या माणसांची नावं दिसली की छाप पडते. मग त्याने आपण कंपनीचे मोठे साहेब असल्याचं सांगितलं आणि विचारलं, तुम्ही कोण?

“मग? काय म्हणालीस?”

“म्हटलं, मी त्यांची बायको. आणि वर्गातल्या पोरांनी नीट कारण सांगितल्याशिवाय मी त्यांना पाणी प्यायलासुद्धा सोडत नव्हते.”

काकांना हसू आलं. पट्टीखाली डोळा चुरचुरला.

साहेबांचा फोन संध्याकाळी पुन्हा आला. बोलणं अगदी अदबीचं. तुम्हाला सात महिने त्रास झाला, आम्हाला कल्पनाच नव्हती, फार लाजिरवाणं आहे. ती चौकट आजच काढून टाकली. आता निवांत आराम करा.

काका नुसतं ‘बरं’ म्हणाले. बाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

“काढली, ठीक. आता विचारणार कोण?”

“विचारायची गरजच नाही,” साहेब समजूत घालावी तसे म्हणाले. “आता सगळं आपोआप होतं.”

पुढच्या सोमवारी दहाला काका सवयीने टेबलाशी येऊन बसले. पट्टी निघाली होती. समोर फोन. बाई भांडी पुसत होत्या. हातातलं पातेलं ठेवून त्या आल्या, फोनचा आवाज बंद नाही ना ते बघितलं आणि फोन होता तिथेच ठेवला.

“आज कुणी नवीन आलं असेल?”

“सोमवार आहे. आलंच असेल.”

साडेदहा झाले. अकरा झाले. बाईंनी हात पुसले आणि कपाटातून दवाखान्याची फाइल काढली.

“त्या लॅबचा नंबर वाचा जरा. मला दिसत नाही इतकं बारीक.”

“कशाला?”

“आपली दोघांची नावं आहेत तिथे. सांगते त्यांना, मेसेज अजिबात पाठवायचा नाही. काय असेल ते मी स्वतः येऊन विचारेन.”

काकांनी फाइल उजेडाकडे धरली आणि चष्म्याशिवाय एकेक आकडा वाचायला सुरुवात केली.