फुगडीच्या फोटोतून कापलेली काठी

मी एक जुनी वेताची काठी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी जरा मानी आहे. मला कुणी 'दांडकं' म्हटलेलं चालत नाही. माझा मुक्काम कोलकात्यात, बेहाल्यातल्या एका मराठी कुटुंबात. जन्माने मी इथलीच. हावड्याच्या एका बोळातल्या छोट्या कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने मला वाफेवर मऊ केलं, माझी मान वाकवली आणि गळ्यात पितळेचं कडं घातलं. खाली रबराचं बूच बसवलं. मग मला एस्प्लनेडच्या एका दुकानात टांगून ठेवलं. येणारे-जाणारे मला हात लावून भाव विचारायचे आणि छत्री घेऊन जायचे.

मला उचललं ते श्यामरावांनी. ते बँकेत अधिकारी होते. पुण्याहून बदली होऊन आले ते इथलेच झाले. पायाने धडधाकट होते, काठीची त्यांना काडीचीही गरज नव्हती. मैदानात सकाळी फिरायला जाताना हातात काहीतरी रुबाबदार हवं, एवढंच. मीही रुबाबात चालायचे. परत आल्यावर ते बेल वाजवत नसत. माझ्या बुचाने दारावर दोनदा ठकठक करत. ती ऐकली की त्यांची नात देवयानी आतून धावत यायची आणि सूनबाई मंजुषा चहाचं आधण ठेवायची. त्या घरात मी मराठी शिकले. देवयानी माझा घोडा करून गॅलरीत फेऱ्या मारायची, तेव्हा कपाळाला आठ्या घालत मी ते सहन केलं. खरं सांगू का, मला आवडायचं.

इथल्या मराठी लोकांचा गणपती ठरलेल्या हॉलमध्ये बसतो. आरती झाली की बायका फुगड्या घालतात. मंजुषा आणि तिची मैत्रीण सुनंदा यांची फुगडी म्हणजे बघत राहावं अशी. दोघींच्या नऊवारीचे काठ फिरताना एकच दिसायचे. देवयानी तीन वर्षांची असताना श्यामरावांनी मला कोपराला लटकवलं आणि दोघींचा फोटो काढला. पाय जुळवलेले, हात गुंफलेले, दोघी मागे झुकलेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तोच फोटो, त्याच जागी. मग तो रिवाजच झाला. सुनंदा दर गणपतीत म्हणायची, "मंजू, फोटो झाल्याशिवाय प्रसाद नाही हं." करोनाच्या वर्षी दोघींनी मास्क लावून गच्चीवर फुगडी घातली, पण फोटो चुकवला नाही. भिंतीवर त्या फोटोंची रांग आहे. पहिल्या काही फोटोंत खाली कोपऱ्यात माझी सावली पडलेली दिसते. कुणाच्या लक्षात आली नसेल, मला मात्र माहीत आहे.

श्यामराव गेले आणि माझी रया गेली. मला दाराच्या मागे उभं केलं. जळमटं काढायला काठी, पंख्यावर अडकलेला फुगा पाडायला काठी. एकदा तर तुंबलेल्या नळीत मला खुपसलं, मित्रांनो. तो अपमान मी अजून गिळलेला नाही. बूच वाळून भेगाळलं. दारावर दोनदा ठकठक व्हायची बंद झाली, आणि देवयानी मोठी होऊन कंपनीत नोकरीला लागली. श्यामरावांची आठवण येऊन मी किती दुपारी त्या दाराकडे बघत उभी होते, ते माझं मलाच माहीत.

मग तो अपघात झाला. मंजुषा बालवाडीत शिकवायची. शाळेतून येताना ती मिनीबसमधून उतरत होती. एक पाय खाली टेकायच्या आतच बस सुटली. उजव्या गुडघ्याची हाडं मोडली. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली, तरी गुडघा पुरता वाकेना. डॉक्टरांनी सांगितलं, दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही, काही काळाने दुसरं ऑपरेशन लागेल. बालवाडीत दिवसभर पोरांमागे उठबस असते. नोकरी सोडावी लागली.

तिचा नवरा सुधाकर दवाखान्यातून आला आणि त्याने दाराच्या मागून मला काढलं. ओल्या फडक्याने पुसलं, नवीन बूच बसवलं आणि बायकोच्या हातात दिलं. म्हणाला, "बाबांची आहे. सांभाळून घेईल तुला." त्या दिवसापासून मी पुन्हा कामावर रुजू झाले. या वेळी रुबाबासाठी नाही. तिचा सगळा भार माझ्यावर यायचा आणि मी मुकाट्याने तो पेलायचे.

बसच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळावी म्हणून कोर्टात दावा लावला. दुसरं ऑपरेशन त्याच्यावरच अवलंबून होतं. वकील होत्या आभा सेनगुप्ता, बारीक चष्म्याच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी हिंदीत बजावलं, "केस संपेपर्यंत फेसबुकवर, इन्स्टावर काही टाकायचं नाही." मंजुषाने मान हलवली. ती कुठे काय टाकत होती? टाकायची ती देवयानी. आणि आभाताईंचं बोलणं घरी जाऊन मुलीला सांगायचं कुणाला सुचलंच नाही. इथेच माशी शिंकली.

गणपती आले. मंजुषा हट्टाने नऊवारी नेसली, नथ घातली. माझ्यावर टेकत हॉलमध्ये गेली आणि खुर्चीवर बसून आरती म्हटली. फुगड्या सुरू झाल्या तशी ती हिरमुसली. सुनंदाने जवळ येऊन हळूच विचारलं, "नुसती पोझ घ्यायची का गं? वजन माझ्यावर टाक. बाविसावा फोटो आहे, चुकवायचा नाही." मंजुषाच्या डोळ्यांत जे आलं ते मी पाहिलं, म्हणून मी तिला दोष देत नाही. ती उठली. देवयानी म्हणाली, "आई, काठी नको ना फोटोमध्ये." आणि मंजुषाने मला स्टेजच्या पडद्यामागे सरकवलं. बुचाएवढी मी बाहेर राहिले.

दोन सेकंद, फार तर तीन. सुनंदाने दात आवळून तिला धरून ठेवलं. देवयानीच्या मोबाइलने पटापट फोटो घेतले. मग मंजुषाचा पाय लटपटला आणि ती सुनंदाच्या अंगावर कोसळली. कुणीतरी खुर्ची आणली, कुणी मला पडद्यामागून ओढून काढलं. कळ इतकी होती की मंजुषा सगळ्यांसमोर रडली. नऊवारी आवरत, मला घट्ट धरून ती कितीतरी वेळ बसून होती.

पण फोटो सुरेख आला होता. देवयानीने सगळ्यात छान तो निवडला. पडद्याखालून डोकावणारं माझं बूच दिसत होतं, म्हणून ती कड कापली. म्हणजे मलाच कापलं म्हणा ना. खाली लिहिलं, 'आई इज बॅक! बावीस वर्षांची फुगडी अखंड.' पुण्याहून उषामावशीची कॉमेंट आली, 'वा, ठणठणीत झालीस की गं.' आणि मंजुषाने उत्तर दिलं, 'हो मावशी, अगदी मस्त.' तेव्हा तिच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. मित्रांनो, ती खोटारडी नाही. आपली माणसं हजार मैलांवर असली की 'आम्ही मजेत' म्हणायची जिभेला सवय लागते. श्यामरावही ताप अंगात घेऊन पुण्याला फोनवर तेच सांगायचे.

फेब्रुवारीत तारीख लागली. विमा कंपनीचे वकील सभ्य गृहस्थ होते, आवाज न चढवता विचारायचे. त्यांनी मंजुषाच्या पुढे छापील कागद ठेवला. "या तुम्हीच ना?" हो. "तारीख अपघातानंतरची?" हो. "आणि 'अगदी मस्त' हे तुम्हीच लिहिलं?" हो. "म्हणजे फुगडी घालता येते, पण वर्गात उभं राहता येत नाही." हातच्या कांकणाला आरसा कशाला, असा त्यांचा चेहरा. मंजुषा माझ्या मुठीवरची बोटं आवळत राहिली. आभाताईंनी उत्तरासाठी पुढची तारीख मागून घेतली.

बाहेर जिन्याशी देवयानीने घाईघाईने मोबाइल काढला. तिथेच उभ्या उभ्या तिने पोस्ट उडवून टाकली. आभाताईंच्या ते लक्षात आलं.

"आता का पुसलंस? त्यांच्याकडे छापील आहे. आता ते म्हणतील, लपवायला पुसलं."

"मला वाटलं..." देवयानी म्हणाली.

"टाकताना विचारलं नाहीस, पुसताना तरी विचारायचं. मोबाइलमधले मूळ फोटो आहेत का, की तेही गेले?"

ते होते. त्या दिवशीचे एकूण अकरा. चांगले आले नाहीत म्हणून न टाकलेले, आणि पुसायचा आळस म्हणून राहिलेले. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी ते पाहिले. पहिल्या फोटोत, न कापलेल्या कडेला, माझं बूच. चौथ्यात सुनंदाच्या मानेच्या शिरा ताणलेल्या. सहाव्यात मंजुषा पडताना. नवव्यात ती खुर्चीवर, तोंड वाकडं करून रडतेय, पदर सुटलेला, आणि तिच्या दोन्ही हातांत मी.

"हे नाही दाखवायचं," मंजुषा म्हणाली. "चार लोकांत असं रडणं? माझी काही अब्रू आहे की नाही."

देवयानी आईच्या पायाशी जमिनीवर बसली. "आई, छान फोटो मी टाकला आणि तू खोटी ठरलीस. यातला एकही छान नाही. पण खरे हेच आहेत."

मंजुषा उठून गॅलरीत गेली, अर्थात माझ्यासकट. खालून ऑटोवाले ओरडत होते. तिने बराच वेळ माझ्या कड्यावरून अंगठा फिरवला. मी काय करणार, मला बोलता येत असतं तर तेव्हाच बोलले असते. लाज वाटायची ती बस हाकणाऱ्याला वाटू दे बाई, असं सांगितलं असतं. मग ती आत आली आणि म्हणाली, "आभाताईंना फोन लाव. अकराच्या अकरा दे."

पुढच्या तारखेला मूळ फोटो, त्यांच्या तारीख-वेळेसकट आणि ते मूळचेच असल्याच्या प्रमाणपत्रासकट, कोर्टात गेले. सुनंदाने साक्ष दिली. "वजन सगळं माझ्यावर होतं. दुसऱ्या दिवशी माझे खांदे धरले होते," ती म्हणाली. न्यायाधीश बाईंनी नववा फोटो खूप वेळ पाहिला. मग त्यांनी मलाच मागितलं. मंजुषाने मला पुढे केलं आणि स्वतः कठड्याला धरून उभी राहिली. बाईंनी मला उलटं करून बूच पाहिलं. एका बाजूने ते पार झिजलं होतं, कारण मंजुषा उजवीकडे कलून चालते. "अपघातानंतरचं हे कितवं?" त्यांनी विचारलं. "चौथं," मंजुषा म्हणाली. श्यामरावांच्या हातात अख्ख्या जन्मात मला दोन बुचं लागली होती. त्या दिवशी मला माझ्या झिजण्याचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

श्रावणात निकाल लागला. मागितलं होतं तितकं सगळं मिळालं नाही, पण ऑपरेशनपुरतं मिळालं. निकालात लिहिलं होतं की फोटोखालची ओळ म्हणजे डॉक्टरांचा दाखला नव्हे, आणि मंजुषाबाईंचं दुखणं खरं आहे. शेवटचे शब्द मंजुषाने सुधाकरकडून दोनदा वाचून घेतले. आभाताईंनी देवयानीला मात्र सोडलं नाही. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे आपलं मराठी म्हणणं तिने त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "जग फसू दे. कोर्टात जाणाऱ्याने आपणच जाळं विणू नये."

यंदाचे गणपती परवाच झाले. ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. आरती झाली, सुनंदा आली, आणि त्याच जागी दोन खुर्च्या मांडल्या. देवयानीने मोबाइल वर केला, मग तिची नजर माझ्याकडे गेली. मी मनातून पडद्यामागे जायची तयारी केली होती, सवयच ती. मंजुषा म्हणाली, "ती हवी." तिने माझं एक टोक धरलं, दुसरं सुनंदाला दिलं. फुगडीत हात गुंफतात तसं दोघींनी मला आपल्यामध्ये आडवं धरलं आणि मागे झुकल्या. तेविसावा फोटो. या वेळी कड कापली नाही. देवयानीने तो कुठेही टाकला नाही, छापून आणला आणि भिंतीवर श्यामरावांनी काढलेल्या पहिल्या फोटोच्या शेजारी लावला. तिकडे माझी सावली आहे, इकडे मी आहे.

त्या आरतीच्या रात्री घरी आलो तेव्हा देवयानी आधीच वर पोचली होती. मंजुषाने बेलकडे नेलेला हात मागे घेतला आणि माझ्या बुचाने दारावर दोनदा ठकठक केली. आतून धावत येणारी पावलं ऐकली आणि मला भरून आलं.

तर मित्रांनो, फोटो खुशाल काढा. पण दुखत असेल तर आपल्या माणसांना दुखतंय म्हणून सांगा, आणि ज्याच्या आधाराने उभे आहात त्याला फोटोपुरतंही पडद्यामागे ढकलू नका. आणि हो, कोपऱ्यात पडलेली एखादी काठी तुमच्याही घरी असेल. तिचं बूच एकदा उलटून बघा. माझं पाचवं झिजत आलंय, दिवाळीच्या आत कुणीतरी बदला.