काळ्या शाईची मेट्रो

माझ्या प्रतिक्षाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं, हे पार लाखांदूरच्या बस स्टॉपपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कमलेशला मात्र ते उशिरा कळलं.

पोरगी नागपूरला नोकरी करते. मेट्रोनं जाते-येते आणि मांडीवर कागद घेऊन शाईच्या पेनानं डब्यातली माणसं काढते. रंग नाही, खोडणं नाही. रेघ पडली ती पडली.

यंदा आमच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात मेट्रोचा प्रवेश होता. नाटक बसवणाऱ्या कमलेशला तसला पडदा कुठेच भाड्यानं मिळेना. दिवाळीला आलेली प्रतिक्षा म्हणाली, "मी काढून देतो, दादा."

अंगणभर मांजरपाट पसरला. बांबूच्या काड्या तासून तिनं जाडजाड टाक केले आणि गुडघ्यांवर रांगत डबा काढला. दांड्याला लोंबकळणारी पोरं, मोबाइलमध्ये मुंडी घातलेले साहेब, जेवणाचा डबा पोटाशी धरून पेंगणारी बाई. एकदा शाईचा हा मोठा ठिपका पडला. मी कपाळावर हात मारला, तर हिनं त्याची एका म्हाताऱ्याची पिशवी करून टाकली.

कमलेश पाहायला आला आणि नाक मुरडून म्हणाला, "रंग कुठी हाय? हा तं एक्स-रे दिसून राहिला! लोकं हसतीन."

"लोकायले पाहू तं दे."

"पाहू देतो. पण हुर्यो झाली का मी बगीच्याचा पडदा सोडतो. अन् माइकवर तिचं नाव घेत नाही."

"तुले रंग पाहिजे तं तोंडाले लाव!" मी म्हणाले.

तो गेला. पण पोरीचा चेहरा पडला तो पडलाच. "आई, नागपूरले कोणी हसलं तं मले काही वाटत नाही. इथं हसले तं मी पुन्हा पेन हाती नाही घेणार."

नाटकाच्या दिवशी मेट्रोचा पडदा खाली आला आणि मंडप चिडीचूप झाला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मग सगळेच ओरडायला लागले.

आमच्याकडे गाणं आवडलं की लोक वन्स मोअर देतात आणि नट पुन्हा गातो. पण इथं अजून कुणी गायलंच नव्हतं, नट आतच होते. कमलेशला वाटलं, लोक टर उडवतात. त्यानं घाईघाईनं बगीचा सोडला.

मंडप खवळला. "बगीचा हटवा! गाडी दाखवा!"

बगीचा गुंडाळावा लागला. मेट्रो पुन्हा दिसली आणि टाळ्या अशा पडल्या की कमलेश स्वतः माइकवर आला. "पडदा काढला आपल्या गावच्या प्रतिक्षा ताराचंद कापगते यांनी!"

पडदा तर मी घरी पोटभर पाहिला होता. मला आता पाहणारे पाहायचे होते. मी उठले आणि स्टेजकडे पाठ करून उभी राहिले.

मागचा एक बुढा वैतागला. "ओ बाई, खाली बसा ना! दिसून नाही राहिलं."

"काहून बसू? मी तिची माय हाओ!"

"मंग तं बसाच, माय. तिचं काम आमाले पाहू द्या."

मी बसले. उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणाचं मुकाट ऐकलं.