वाटून दिलेले दिवस

हिमायतनगर तालुक्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा आहे. तिथे सकाळी प्रार्थना झाली की परिपाठ होतो आणि त्यात एक मूल पुढे येऊन दिनविशेष सांगतं. आजच्या तारखेला पूर्वी काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं, एवढंच. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी हे केलेलं असेल. हात मागे बांधायचे, पाठ केलेलं एका दमात सांगून टाकायचं आणि रांगेत परत यायचं.

जानेवारीच्या मध्यावर मात्र अशा तारखांची दाटी होते. बाराला राजमाता जिजाऊंची जयंती, आणि स्वामी विवेकानंदांचीही. चौदाला पानिपतची लढाई झाली होती. पुढे दोनशेहून जास्त वर्षांनी त्याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं, तो नामविस्तार दिन. पंधराला ऑलिंपिकमधून कुस्तीचं पदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांची जयंती. एका आठवड्यात एवढं सगळं.

शाळेतले असे कार्यक्रम उज्वला मॅडमकडे असत. त्या मूळच्या लातूरच्या, बदली होऊन इकडे आलेल्या. स्वभावाने भल्या आणि थोड्या भित्र्या. शनिवारी त्यांनी वर्गातल्या फळ्यावर येत्या आठवड्याचे दिवस लिहिले आणि प्रत्येक दिवसापुढे एकेका मुलाचं नाव लिहिलं. जिजाऊ जयंतीपुढे सत्यम. विवेकानंदांपुढे ऋतुजा. चौदाला संक्रांतीची सुट्टी, म्हणून नामविस्तार दिन एक दिवस आधीच घ्यायचा ठरला, आणि त्याच्यापुढे पंचशीला.

पंचशीला आठवीत होती. दिवाळीपासून ती जिजाऊंवरचं भाषण तयार करत होती, आणि ही गोष्ट तिने मॅडमना सांगितलेलीही होती. वर्ग सुटल्यावर ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"मॅडम, मला जिजाऊ पाहिजे होत्या."

"अगं, तुला तुमचाच दिवस दिलाय की," मॅडम हसून म्हणाल्या. "तू किती छान बोलतेस त्याच्यावर."

"गेल्या वर्षी बी मीच बोलले. सहा डिसेंबरला मीच, चौदा एप्रिलला बी मीच."

"मग? मान आहे ना तुझा तो."

दाराशी दप्तर आवरत असलेला सत्यम मध्येच म्हणाला, "मॅडम, तिलाच द्या की. मला भाषण नको म्हणून राहिलो मी, पप्पा ऐकूनच न्हाई राहिले."

मॅडमनी दोघांनाही घरी जायला सांगितलं. सत्यमचे वडील शिवशंकरराव शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष होते. चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर जिजाऊंचं चित्र, खाली हात जोडून उभा असलेला सत्यम, आणि पुढे मोठ्या अक्षरांत 'बालवक्ता'. आता नाव बदलायचं कसं? आणि खरं सांगायचं तर फ्लेक्स नसता तरी मॅडमनी फळ्यावर तीच नावं लिहिली असती. जातीचा शब्द त्या कधी तोंडात आणत नसत. त्या फक्त आडनावं बघत आणि दिवस वाटत. कोणी दुखावू नये म्हणूनच आपण असं करतो, असं त्यांना मनापासून वाटे.

पंचशीलेचे वडील ती लहान असतानाच गेले. तिची आई रेणुका तिला घेऊन माहेरी, म्हणजे या गावात आली. वाट्याला आलेली पडकी खोली तिने स्वतः माती कालवून उभी केली. जिजाऊ लहानग्या शिवबाला घेऊन ओसाड पुण्यात राहायला आल्या, हा धडा पंचशीलेने वाचला तेव्हा ती बराच वेळ पुस्तक मिटून बसली होती. भाषण तिथूनच सुरू झालं होतं. पण हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

आजोबा साहेबराव अंगणात तूर झोडपत होते. तिने त्यांना फळ्यावरची नावं सांगितली.

"जाऊ दे माय," ते म्हणाले. "आपला दिवस शाळेत साजरा होतो, हेच लई झालं. पहिले तर नाव बी घेत नव्हते कोणी."

"आबा, मी ह्यो दिवस नको म्हणत न्हाई. पण दर साली मीच कामून? सत्यमनं सांगावं की एकदा. त्याला कुठं काय माहीत हाय त्याच्यातलं?"

साहेबरावांचा हात थांबला. विद्यापीठाच्या नामांतरासाठी ते तरुणपणी मोर्चात चालले होते. त्या काळात काय काय सोसावं लागलं, ते त्यांनी घरातही फारसं काढलं नव्हतं. तो दिवस मिळाला तेव्हा तो सगळ्यांचा व्हावा असं त्यांना वाटलं होतं. पुढे तो आपल्याच वस्तीत कधी येऊन बसला, हे त्यांनाही कळलं नव्हतं.

सोमवारी सकाळी कार्यक्रमाआधी ते शाळेत गेले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मॅडम, भांडायला न्हाई आलो. एक इचारायचं होतं. आमचा दिवस आम्हीच सांगायचा अन् आम्हीच ऐकायचा, तर शाळेत कशाला? ते आम्ही विहारात करतोच की."

"तसं नाही हो आबा. सगळी मुलं ऐकतात."

"ऐकतात, पण दुसऱ्याच्या घरचं लग्न बघावं तसं. अन् जिजाऊंचं बी तेच झालं. लेकरू म्हणतंय मला त्यांच्याबद्दल बोलायचंय, तर तुम्ही म्हणून राहिलेत, त्या तुझ्या न्हाईत. आईला बी आडनाव लावून टाकलं का आपण?"

बाहेर शिवशंकररावांची गाडी थांबल्याचा आवाज आला.

"या वेळी राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या वर्षी नक्की देते तिला."

"पुढच्या वर्षी ती नववीला दुसऱ्या शाळेत असंल, मॅडम."

ते नमस्कार करून बाहेर पडले.

मैदानात निम्मं गाव जमलं होतं. सत्यम फेटा बांधून उभा राहिला. वडिलांनी लिहून दिलेली सुरुवात त्याने जोरात म्हटली. "जिजाऊंनी शिवबांना..." एवढं म्हणाला आणि थांबला. पुन्हा तेच म्हणाला. मग त्याने वर आभाळाकडे पाहिलं. मागची पोरं फिदीफिदी हसू लागली. पुढच्या खुर्चीवर शिवशंकररावांचा चेहरा उतरला.

मुलींच्या पहिल्या रांगेत पंचशीला बसली होती. ती अगदी हळू म्हणाली, "पुणं तेव्हा ओसाड पडलं होतं."

सत्यमने तिच्याकडे पाहिलं. "पुणं तेव्हा ओसाड पडलं होतं," तो म्हणाला.

"घरं मोडलेली होती, माणसं पळून गेली होती."

"घरं मोडलेली होती, माणसं पळून गेली होती."

"अशा गावात एक बाई लेकराला घेऊन राहायला आली."

ती सांगत गेली आणि तो मोठ्याने म्हणत गेला. लोक शांत झाले. मैदानाच्या कडेला बायकांत रेणुका उभी होती. हे भाषण तिने चुलीपुढे बसून कितीदा ऐकलं होतं. आज ते तिला दुसऱ्याच मुलाच्या तोंडून ऐकू येत होतं. तिने पदर तोंडाशी धरला. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग पंचशीलेकडे पाहिलं. सत्यमपुढचा माईक त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. तो उचलून त्या मुलीच्या हातात द्यावा असं त्यांना वाटलं, पण हात हलला नाही.

भाषण संपलं. टाळ्या थांबेनात. शिवशंकररावांनी मुलाला जवळ घेतलं. सत्यम म्हणाला, "पप्पा, ते तिचं होतं." पण तेवढ्यात वाजू लागलेल्या हलगीच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठात पंचशीला नामविस्तार दिनावर बोलली. किती वर्षं आंदोलन चाललं, किती जणांची घरं गेली, काहींचे प्राणही गेले, आणि एका विद्यापीठाच्या नावासाठी माणसं एवढं का सोसतात, हे तिने साध्या शब्दांत सांगितलं. ती रांगेत परत गेली. टाळ्या वाजल्या, पण तिच्या वस्तीतली मुलं उभी होती त्या एका कोपऱ्यातूनच आल्या.

पहिलीतला बजरंग दोन्ही तळवे समोर धरून उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, ह्याला आपण टाळ्या वाजवायच्या का त्यांनीच?"

कोणी हसलं नाही. सहा वर्षांचं पोर ते. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. शाळेत जसं चालतं तसं त्याला करायचं होतं, म्हणून त्याने विचारलं होतं. आणि हे त्याला कोणी शिकवलं होतं? उज्वला मॅडमनी! एकही वाईट शब्द न उच्चारता, नुसत्या फळ्यावर नावं लिहून!

त्यांचे डोळे भरून आले. "सगळ्यांनी वाजवायच्या, बाळा," त्या म्हणाल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण सांगितल्यावर वाजवलेल्या टाळ्या कशा वाजतात, हे त्यांना कळत होतं.

त्या वर्गात गेल्या आणि त्यांनी फळा पुसला. पुढच्या दिवसांसाठी चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जो दिवस निघेल तो त्याने वाचून, विचारून तयार करायचा, असं त्यांनी मुलांना सांगितलं. शिवशंकररावांना काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. भीती होतीच, आणि ती लगेच जाणारीही नव्हती.

मधल्या सुट्टीत त्यांनी पंचशीलेला बोलावलं. "जिजाऊंचं भाषण आज वर्गात करशील? मला ऐकायचंय."

पंचशीलेने मान हलवली. "आता नको मॅडम. ते सगळं सत्यमनं सांगून टाकलं."

ती रागाने म्हणाली नाही, आणि म्हणूनच मॅडमना ते जास्त लागलं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

वाचकहो, आणि विशेषतः माझ्या लहान वाचकांनो, ही गोष्ट इथेच थांबते. यापेक्षा बरा शेवट मला करता आला नाही, कारण जी बारा जानेवारी त्या मुलीच्या हातून गेली ती कोणालाही परत देता येणार नाही. पण एवढं सांगावंसं वाटतं. थोर माणसं आणि मोठे दिवस आपण आडनावं बघून वाटून घेतो, तेव्हा ज्यांचे नाहीत असं ठरवतो त्यांच्याकडून तर ते काढून घेतोच, आणि ज्यांचे म्हणतो त्यांनाही एकटं पाडतो. तेव्हा उद्या तुमच्या शाळेत दिनविशेष सांगायची वेळ आली, तर जो दिवस तुमच्या घरात कधी साजरा झाला नाही तोच मागून घ्या. आणि दुसरं कोणी बोलत असेल तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कोणालाही विचारू नका.